एदिल्साचा चहाडखोर फ्रिज

एदिल्सा पोलोच्या घरात आजवर चहाडखोर कोणी नव्हतं. नवरा होता तोवर त्याला स्वतःच्याच भानगडी लपवताना पुरेवाट व्हायची. मुलं शिकून आपापल्या वाटेला लागली. शेजारची नेविस जे काय बोलायची ते तोंडावर, आणि तोंडावर बोललेल्याला कोलंबियातल्या ह्या बारांकिया शहरात चहाडी म्हणत नाहीत, शेजार म्हणतात. मग मे महिन्यात मातृदिनाला मुलांनी मिळून आईला नवा फ्रिज घेऊन दिला, आणि त्या दिवसापासून तिच्या बैठकीच्या खोलीत एक चहाडखोर येऊन उभा राहिला.

दिसायला देखणा होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. रुपेरी अंग, दारावर निळे आकडे, आत लख्ख उजेड. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या. नेविसने दारावरून हात फिरवला आणि म्हणाली, "एदिल्सा, एवढा देखणा गडी तुझ्या घरात पहिल्यांदाच आलाय बघ."

मुलगा विल्फ्रिदो दोन मित्रांना घेऊन आला आणि तिघांनी मिळून फ्रिज जुन्याच लोखंडी स्टँडवर चढवला. त्या गल्लीत स्टँडशिवाय फ्रिज ठेवायची कोणाची छाती नाही. पाऊस कोसळला की रस्त्याचा आरोयो होतो, उभ्या गाड्या ओढून नेणारा लोंढा, आणि पाणी उंबरा ओलांडून आत आलं की पहिला बळी फ्रिजच्या मोटरचा. त्यामुळे गल्लीतले झाडून सगळे फ्रिज गुडघाभर उंचीवर. विल्फ्रिदो वेल्डर. अर्ध्या गल्लीचे स्टँड त्याच्याच हातचे, आणि त्यातला पहिला आईचा, हिरव्या रंगाचा. त्याचा त्याला भारी अभिमान.

आठवडा बरा गेला. मग फ्रिज बोलायला लागला. टीं टीं टीं, टीं टीं टीं. दार उघडं राहिलं की वाजायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. पण हा मेला दार लावल्यावर वाजायचा. एदिल्सा दार लावून चुलीपाशी जायची, कांदा चिरायला घ्यायची, की मागून टीं टीं. परत यायची, दार दाबायची, गप्प. कधी दिवसभर आवाज नाही, कधी तासातासाला. आणि सगळ्यात जास्त बोंबलायचा तो संध्याकाळी, मार्लेनिसचा फोन चालू असताना.

मार्लेनिस म्हणजे मुलगी. राजधानीत, बोगोताला असते, बँकेत. रोज संध्याकाळी आईला फोनवर तोंड दाखवते. पोरगी मायाळू आहे, पण तिच्या मायेला हुकूम सोडायची सवय आहे.

"आई, ते काय वाजतंय?"

"फ्रिज."

"म्हणजे दार उघडं राहिलंय."

"लावलंय मी."

"उघडं असल्याशिवाय तो वाजत नाही, आई. त्यासाठीच असतो तो अलार्म."

"अगं लावलंय म्हणते ना!"

"बरं बरं, चिडू नकोस. जा, एकदा बघून ये."

ते "बरं बरं, चिडू नकोस" ऐकलं की एदिल्साच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिची थोरली बहीण एलोदिया, तिच्याशी शेवटी शेवटी सगळे ह्याच आवाजात बोलायचे. एलोदियाचंही असंच सुरू झालं होतं. आधी गॅस चालू राहायला लागला, मग नळ, मग एके दिवशी जेवता जेवता तिने पोटच्या मुलाला विचारलं, "आपण कोणाकडचे?" घरात एलोदियाचं नाव आता कोणी घेत नव्हतं. पण फ्रिज वाजला की सगळ्यांच्या मनात तेच यायचं, आणि ते न बोलता कळायचं, हे जास्त वाईट.

बरं, एदिल्साने उठून दार दाबलं की तो मुडदा लगेच गप्प. तिकडे बोगोताला मार्लेनिसला काय ऐकू जाणार? आधी टीं टीं, मग आईच्या चपला, मग शांतता. म्हणजे दार उघडंच होतं! साक्ष दिली, निकाल लागला. ह्याला चहाडी नाही तर काय म्हणायचं?

आता ही एदिल्सा कोण, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हालाही वाटेल, सत्तरी ओलांडलेली बाई, विसरत असेल. ती कार्निव्हलचे कपडे शिवायची. अख्ख्या मंडळाचे, नाचणाऱ्या बायकांचे झालरींचे घागरे, पुरुषांचे रंगीत डगले, मुखवट्यांच्या मागे लावायची कापडं. माप घ्यायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. टेप लावायची, मान हलवायची, आणि कुठेही लिहून न ठेवता घरी यायची. जानेवारीत माप घेतलेल्या बाईचा घागरा फेब्रुवारीत अंगावर असा बसायचा की बाई आरशासमोरून हलायची नाही. अजूनही रस्त्यात कोणी भेटली की "कंबर दोन बोटं वाढली गं तुझी" असं सांगून मोकळी होते. हे लोकांना आवडत नाही, पण खोटं आहे असं आजवर कोणी म्हणालेलं नाही.

अशा बाईला दाराचा विसर पडतो म्हणे.

जूनअखेरीस मुलांनी तिला डॉक्टरकडे नेलं. विल्फ्रिदो सोबत, मार्लेनिस फोनवर. डॉक्टर कोवळा, आवाजात साखर.

"आजी, आज वार कोणता?"

"तुमची आजी मी कधी झाले? मंगळवार आहे. तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र अजून मे आहे, तेवढं पान फाडा."

"राष्ट्राध्यक्ष कोण आहेत आपले?"

तिने नाव सांगितलं आणि वर म्हणाली, "मत मागायला आला तेव्हा आमच्या गल्लीत गुडघाभर चिखलातून चालला होता. निवडून आल्यापासून दिसला नाही. तो कोणाला विसरलाय, ते तुम्ही त्याला विचारा."

मग घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं. तिने काढलं, कडेने झालरही काढली. तो हसला, कागद बघून म्हणाला, "वयाच्या मानाने उत्तम. तरी लक्ष ठेवा." ह्यातलं "उत्तम" फोनवर पोचलंच नसावं. मार्लेनिसने उचललं ते "लक्ष ठेवा".

त्या रात्रीपासून "बोगोताला ये ना, आई" सुरू झालं. आधी विनंती होती, मग त्यात तारखा यायला लागल्या. तुझ्यासाठी खोली तयार आहे. समोर बाग आहे. घर भाड्याने देऊन टाकू, विल्फ्रिदो बघेल. एदिल्सा बोगोताला एकदा जाऊन आली होती. तिथे लोक दारं लावून आत बसतात आणि कोणाला घाम येत नाही, ह्या दोन्ही गोष्टी तिला माणसाच्या तब्येतीला घातक वाटल्या होत्या. आणि इथलं घर तिने झालरी शिवून उभं केलेलं. व्हरांड्यात झुलती खुर्ची टाकून बसलं की संध्याकाळी निम्मी गल्ली थांबून दोन शब्द बोलून जायची. ते सोडून तिने तिसऱ्या मजल्यावरच्या काचेमागे बसायचं, कशासाठी? तर एक पेटी टीं टीं करते म्हणून!

"मेकॅनिकला बोलवा," ती म्हणाली. "माझं डोकं तपासून झालं, आता त्याचं तपासा."

याइर नावाचा मेकॅनिक आला. त्याने दारातल्या बाटल्या बाहेर काढून ठेवल्या, विल्फ्रिदोच्या मदतीने फ्रिज स्टँडवरून खाली जमिनीवर घेतला, रबरात कागदाची पट्टी धरून ओढून बघितली, दाराचा स्विच दाबून बघितला, मागे जाळीशी कान लावला. सगळी दुपार फ्रिज जमिनीवर होता. आणि सगळी दुपार त्याने हूं की चूं केलं नाही. याइरने कोरोसो फळाचं सरबत दोन पेले प्यायलं, हात पुसले आणि विल्फ्रिदोकडे वळून म्हणाला, "मशीनमध्ये काही नाही, भाऊ. म्हाताऱ्या माणसांच्या घरी असं होतं. दार ढकलतात आणि निघून जातात."

एदिल्सा त्याच्या समोर उभी होती. हातभर अंतरावर.

"मी इथेच आहे, बाबा," ती म्हणाली. "सरबत माझ्या हातचं प्यायलास, तर उत्तरही मलाच दे."

"तसं नाही, एदिल्साबाई..."

"मग कसं?"

याइरने विल्फ्रिदोला खूण केली. दोघांनी मिळून फ्रिज परत वर चढवला. याइर निघून गेला. विल्फ्रिदो मात्र स्टँडपाशी वाकून जरा वेळ बघत राहिला, हिरव्या कडेवरून बोट फिरवलं, मग एकदम "दुकानावर काम पडलंय" म्हणून चालता झाला. एदिल्साने बाटल्या परत दारात लावल्या, पाण्याच्या, सरबताच्या, दुधाची एक. दार लावलं. नीट दाबून लावलं. संध्याकाळी मार्लेनिसचा फोन आला, आणि मागून टीं टीं टीं.

"आई, मेकॅनिक येऊन गेला ना?" मार्लेनिस हळूच म्हणाली. हळूच! ओरडली असती तर परवडलं असतं.

नेविसला हे सगळं ठाऊक होतंच. ती म्हणाली, "हे बघ, आपण दोघी त्याच्यासमोर बसू. बघू कसा बोलतो." सकाळची वेळ, दोघींनी झुलत्या खुर्च्या आत ओढल्या, मांडीवर तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या आणि फ्रिजवर डोळे लावून बसल्या. दार लावलं नेविसने, स्वतःच्या हाताने, वर ढुंगणाचा एक धक्काही दिला. शेंगा सोलून होत आल्या. मग मोटर सुरू झाली, फ्रिज जरासा थरथरला, आणि दाराच्या कडेला उजेडाची रेघ दिसली. नखाएवढी. कोणी हात लावला नव्हता. थोड्या वेळाने टीं टीं टीं.

"अगं बाई!" नेविसने छातीवर क्रूस काढला. "हा आपणहून उघडतोय! तुझा नवरा तर नसेल? त्याला सारखं थंड पाणी लागायचं."

"तो असता तर बिअर शोधली असती," एदिल्सा म्हणाली. पण तिला केवढा धीर आला! कारण आता साक्षीदार होता. तिने लगेच मार्लेनिसला फोन लावला, नेविसला बोलायला दिलं. नेविसने शपथेवर सांगितलं. पलीकडून मार्लेनिस ऐकून घेत होती, मग म्हणाली, "नेविस मावशी, तुमचं प्रेम आहे आईवर, मला कळतं. पण तुम्ही अशी तिची री ओढत जाऊ नका. त्याने तिचंच नुकसान होतं."

नेविसने फोनकडे असं बघितलं की फोनला लाज वाटावी. "मी री ओढतेय? मी काय डोळे मिटून शेंगा सोलत होते?"

पण तोवर फोन ठेवला गेला होता. पुढच्याच आठवड्यात कळलं की ऑक्टोबरच्या जोडसुटीला मार्लेनिस येतेय आणि परतीची तिकिटं दोन काढलीयत. आईला कोणी विचारलं नव्हतं. का विचारतील? विसरणाऱ्या माणसाला विचारून करायचं काय!

मार्लेनिस येणार त्याच्या आदल्या दिवशी एदिल्सा बाजारातून मासे आणि लिंबं घेऊन आली. काही झालं तरी पोरगी येणार होती, जेवायला घालायला नको? जुना फ्रिज ढेरपोट्या होता, नवा सडपातळ, त्यामुळे स्टँडच्या फळीची एक बाजू रिकामी राहायची. हात भरलेले होते म्हणून तिने लिंबं तिथेच ठेवली. एक लिंबू घरंगळलं, पुढे आलं, खाली पडलं. तिने उचलून परत ठेवलं. परत तेच. तिसऱ्यांदा तिने ते पार मागे भिंतीला टेकवून ठेवलं आणि हात काढला. लिंबू सावकाश निघालं, वेग धरला, आणि टपकन तिच्या पायाशी आलं.

एदिल्सा खाली बसली. लिंबू हातात धरून फळीच्या कडेला डोळा लावला.

जुना फ्रिज मागून गळायचा. भिंत ओली व्हायची, पोपडे धरायचे. तेव्हा तिनेच विल्फ्रिदोला सांगितलं होतं, स्टँडला पुढे उतार दे, पाणी पुढे येऊ दे, मी फडकं घालीन. त्याने उतार दिला होता. जुन्या फ्रिजचं दार त्याला पुरून उरायचं, कारण ते सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेलं असायचं. नव्या रुपेरी नवरदेवाला पट्टी कोण बांधणार? त्याच्या दारात बाटल्या भरल्या की दार आपल्याच वजनाने पुढे झुकायचं, मोटर थरथरली की रबर सुटायचं. आणि जमिनीवर, सपाट जागी, बाटल्या काढल्यावर? तो गपच बसणार! ह्यात कसलं भूत आणि कसला विसर!

तिथल्या तिथे पुढच्या पायांखाली चार विटकरीचे तुकडे सारून ती मोकळी झाली असती. पण तिने हात आवरला. आज सरळ केला तर उद्या काय म्हणतील? "बघ, बोगोताचं नाव काढल्याबरोबर कशी दार लावायला लागली!" ती ह्या लोकांना ओळखून होती. तिने त्यांना जन्म दिला होता. तिने लिंबं टोपलीत टाकली आणि गप्प राहिली.

शनिवारी जेवायला सगळे होते. मार्लेनिस, विल्फ्रिदो, आणि नेविस, जिला एदिल्साने मुद्दाम बोलावलं होतं. तळलेली मोहारा मासळी, खोबऱ्याचा भात, सुएरोची, म्हणजे आंबट सायीची वाटी, लिंबाच्या फोडी. मार्लेनिसने आल्या आल्या आईचे कपडे बॅगेत भरून टाकले होते. बॅग दाराशी उभी होती आणि तिच्याकडे न बघता सगळे जेवत होते. मध्येच मार्लेनिस उठली, फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली, पेला भरून बाटली परत ठेवली, दार लावलं, बसली. बोगोताच्या रहदारीचं काहीतरी सांगायला लागली.

टीं टीं टीं.

आणि काय सांगू तुम्हाला! दोन्ही मुलांच्या माना एका वेळी वळल्या. फ्रिजकडे नाही. आईकडे! जी बसल्यापासून जागची हलली नव्हती, जिच्या दोन बोटांत माशाचा काटा होता.

"आई, दार..." मार्लेनिस म्हणाली.

एदिल्साने काटा ताटाच्या कडेला ठेवला. बोटं पुसली.

"मी उठले होते?"

मार्लेनिसने विल्फ्रिदोकडे बघितलं.

"विचारतेय मी. मी उठले होते का?"

"ती कुठे उठली?" नेविस म्हणाली. "पाणी तू घेतलंस, पोरी."

"पण मी नीट लावलं होतं!" मार्लेनिस म्हणाली.

"हो ना?" एदिल्सा म्हणाली. "मे महिन्यापासून मी दुसरं काय सांगतेय?"

ती उठली, टोपलीतून लिंबू घेतलं, स्टँडच्या फळीवर मागे भिंतीशी ठेवलं आणि सोडलं. लिंबू आलं आणि पडलं. दुसरं ठेवलं. तेही आलं आणि पडलं, मार्लेनिसच्या खुर्चीखाली गेलं. मार्लेनिस आ वासून बघत होती. विल्फ्रिदो भाताकडे बघत होता.

"विल्फ्रिदो. वेल्डर ना तू? सांग बहिणीला, लिंबू का पळतंय."

"उतार आहे," तो भाताला म्हणाला.

"तुला कधी कळलं?"

"आई, जेव तरी आधी..."

"कधी कळलं?"

"याइर आला होता त्या दिवशी." त्याचे कान लाल झाले होते. "म्हटलं, करू एखाद्या दिवशी सरळ. मग मार्लेनिसने तुला न्यायचं ठरवलं. वाटलं, तिकडे बरं होईल तुझं, डॉक्टर वगैरे जवळ. आणि... अर्ध्या गल्लीचे स्टँड माझ्या हातचे आहेत, आई. लोक हसले असते."

ऐकलंत? लोक हसले असते! ह्याच्या लोखंडाला हसू नये म्हणून ह्याने आईला वेडी ठरू दिलं. आणि उतार तरी कोणाच्या सांगण्यावरून दिला होता? तिच्याच, म्हणजे बोट दाखवायचंच झालं तर लोकांनी तिच्याकडे दाखवलं असतं. तेवढं सांगायला तोंड उघडलं असतं तर चार लोक हसले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते. पण नाही. एदिल्साने त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्याने त्याचं पान तिथेच राहिलं.

तो उठला, गाडीतून पाणसळ आणि पत्र्याचे तुकडे घेऊन आला, पुढचे पाय उचलून खाली पत्रा सारला, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणला. बाटल्या तशाच दारात होत्या. मार्लेनिसने दार लावलं. सगळे थांबले. मोटर सुरू झाली, फ्रिज थरथरला, आणि गप्प राहिला.

मार्लेनिस हसायला लागली. "चला! एवढंच होतं तर!" तिने आईच्या गळ्यात हात टाकले, गालाचा मुका घेतला. "किती दिवस डोक्याला ताप! आणि तिकीट काढलंच आहे तर चल ना थोडे दिवस, आई. हवापालट होईल." विल्फ्रिदोही हसला, सुटल्यासारखा, आणि त्याने परत ताट पुढे ओढलं. नेविस मात्र हसली नाही. ती मैत्रिणीकडे बघत होती.

एवढंच होतं! जेवणं झाली, भांडी झाली, मुलं आतल्या खोलीत पंख्याखाली जाऊन आडवी झाली, नेविस पलीकडे आपल्या व्हरांड्यात गेली. चूक झाली असं कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं. बॅगही कोणी उघडली नव्हती.

एदिल्साने उरलेला सुएरो फ्रिजमध्ये ठेवला आणि दार लावलं. दोन पावलं गेली, परत आली, दार दाबून बघितलं. लागलेलं होतं. ती खुर्चीत बसली. मग उठली आणि पुन्हा दाबून बघितलं. हात दारावरच होता तेव्हा तिच्या लक्षात आलं. हा हात कोणी पाठवला? ती स्वतः तर खुर्चीत बसली होती. फ्रिज आता वाजत नव्हता, वाजणारही नव्हता. पण लावलं का, नक्की लावलं का, हे आता तिच्या आत वाजत होतं. महिनोन्महिने रोज संध्याकाळी बरं बरं करत, चिडू नकोस म्हणत, पोटच्या पोरांनी ते तिच्या आत बसवलं होतं. ते काढायला कोणता मेकॅनिक येणार होता?

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने तिला आणखी संताप आला. तिने फ्रिजचं दार धरलं आणि सताड उघडलं, भिंतीला लागेपर्यंत. झुलती खुर्ची ओढून बरोबर समोर मांडली आणि बसली. थंड हवा पायांवर येत होती. चांगलं वाटत होतं. जरा वेळाने टीं टीं टीं.

"आई! दार!" मार्लेनिस आतून ओरडली.

"उघडं आहे."

टीं टीं टीं. आतल्या खोलीत कुजबुज झाली. मग दोघंही बाहेर आली, केस विस्कटलेले, डोळ्यांत तीच जुनी भीती. विल्फ्रिदो दार लावायला पुढे झाला.

"हात लावलास तर याद राख," एदिल्सा म्हणाली. ती झुलत होती. "नीट बघून घ्या दोघं. मी दार उघडं टाकते तेव्हा ते असं असतं. मला ठाऊक असतं. मी उघडलं, मी इथे बसलेय, आणि मला वाटेल तेव्हा मी लावणार. माझं घर, माझा फ्रिज. मार्लेनिस, ती बॅग उघड आणि माझे कपडे होते तसे कपाटात लाव. मी कुठेही येत नाही."

टीं टीं टीं. आतला सगळा गारवा खोलीत सांडत होता. दुधाच्या बाटलीवर पाणी सुटलं होतं. मार्लेनिस बॅगेकडे बघत उभी राहिली, मग आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं.

"चुकलं आमचं," ती पुटपुटली.

"मोठ्याने बोल," एदिल्सा म्हणाली. "ह्याच्या कोकलण्यात मला ऐकू येत नाही."

मार्लेनिस मोठ्याने बोलली. मग विल्फ्रिदोलाही बोलावं लागलं, आणि त्याला स्टँडपासून सगळं सांगावं लागलं, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या व्हरांड्यात नेविसची खुर्ची ऐकण्यासाठी झुलायची थांबली.